प्रिंटर बरळू लागतो तेव्हा

मार्चअखेरची संध्याकाळ होती. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत मी माझ्या कामासाठी ताटकळत बसलो होतो. ऑडिटर सकाळी दहाला येणार, ठेवींच्या याद्या छापून व्हायच्या होत्या आणि नेमका त्याच दुपारी प्रिंटर गेला. शेजारच्या शाखेतून एक जुना प्रिंटर मागवला गेला. तो त्याच टेबलावर बसला, त्याला तीच वायर लागली, आणि तिथल्या मॅडमनी कमांड दिली. प्रिंटर गुरगुरला, कागद बाहेर पडायला लागले. पहिल्या कागदावर वर डाव्या कोपऱ्यात एक ओळ आणि खाली चिन्हांची गिचमिड. दुसऱ्यावर अर्धीच ओळ. तिसऱ्यावर बदाम, इस्पिक, दोन प्रश्नचिन्हं आणि एक हसरा चेहरा. चौथा पूर्ण कोरा. मॅडमनी बटण बंद करून चालू केलं. प्रिंटर गरम झाला आणि पुन्हा कागद फेकायला लागला, या वेळी आणखी जोमाने. शिपाईमामा खाली पडलेले कागद गोळा करता करता म्हणाले, "मॅडम, ह्याला लागीर झालंय."

दीड रिम संपल्यावर कोणीतरी ट्रे ओढून बाहेर काढला. ते त्या दिवशीचं पहिलं शहाणपणाचं काम.

मी कचऱ्याच्या डब्यातून सगळ्यात पहिला कागद शोधून काढला. वरच्या ओळीत आधी एक बंद होणारा कंस होता, उघडणारा नाहीच, आणि त्याला लागून रोमन अक्षरांत एचपी-पीसीएल एक्सएल, मग अर्धविराम आणि दोन-तीन आकडे. बाकीचे सगळे कागद निरुपयोगी होते, पण या ओळीत सगळं निदान होतं. संगणक अजून गेलेल्या प्रिंटरशीच बोलत होता. तो नवा होता, त्याला पीसीएल 6 नावाची भाषा येत होती. आणलेला म्हातारा प्रिंटर पीसीएल 5 पर्यंतच शिकलेला. जुन्या बोलीचा ड्रायव्हर टाकला आणि दहा मिनिटांत याद्या सुरू झाल्या. उरलेल्या गठ्ठ्याचे पाठकोरे कागद पुढे वर्षभर तिथल्या कच्च्या हिशेबांना पुरले असावेत.

प्रिंटर असा बरळायला लागला की ऑफिसात सगळे प्रिंटरलाच दोष देतात. माझा अनुभव उलटा आहे. बरळणारा प्रिंटर बहुतेक वेळा धडधाकट असतो. त्याच्यापर्यंत जे पोचलं ते त्याने इमानेइतबारे कागदावर उतरवलेलं असतं, फक्त ते त्याला कळलेलं नसतं. मोडी न येणाऱ्या माणसाला मोडी दप्तर देऊन 'जसं दिसतं तसं उतरवून काढ' म्हटल्यासारखं आहे हे.

मुळात संगणक प्रिंटरला पान पाठवत नाही, पान कसं काढायचं याच्या सूचना पाठवतो. इथे जा, हा टाइप घे, एवढा मोठा कर, हा शब्द लिही, आता पान बाहेर टाक. या सूचना कोणत्या भाषेत द्यायच्या यावर उद्योगात कधीच एकमत झालं नाही. एपसनने 1980 च्या सुमारास डॉट मॅट्रिक्ससाठी स्वतःची सूचनावली केली, ती इतकी चालली की इतर कंपन्यांचे प्रिंटरही 'एपसनसारखं' वागायला शिकले. 1984 मध्ये एचपीचा पहिला लेझरजेट आला, तो पीसीएल बोलत होता. त्याआधी 1982 मध्ये जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडून अडोबी कंपनी काढली होती. त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही तर पुरती प्रोग्रॅमिंगची भाषा. 1985 मध्ये ॲपलचा लेझररायटर ती घेऊन बाजारात आला तेव्हा त्याच्या पोटातला प्रोसेसर आणि मेमरी, दोन्ही त्याला जोडलेल्या मॅकिंटॉशपेक्षा सरस होती. चाकर मालकापेक्षा हुशार, असा तो मामला.

पुढे वारं उलटं फिरलं. संगणक तगडे आणि स्वस्त झाले, तेव्हा प्रिंटरला अक्कल द्यायचीच कशाला, असा विचार करून कंपन्यांनी साधे प्रिंटर काढले. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या ऑफिसपर्यंत दिसणारा एचपी 1020 हा त्यातलाच. सगळं पान संगणकच ठिपक्याठिपक्याने तयार करतो, प्रिंटर फक्त टोनर ओततो. याला चालू झाल्यावर स्वतःचं फर्मवेअरसुद्धा संगणकाकडून मागून घ्यावं लागतं. अशा प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट कळत नाही, पीसीएल कळत नाही, साधी अक्षरंही कळत नाहीत. दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने त्याला कमांड दिली तर तो बहुधा गप्पच बसतो. त्याच्यावर रागावून उपयोग नाही, पण निदान कागद तरी वाचतो.

मग प्रश्न उरतो तो पानापानाला एकच ओळ का, आणि हे पत्त्यांचे रंग कुठून आले.

संगणकातलं सगळं शेवटी 0 ते 255 या आकड्यांत असतं, एकेका आकड्याला बाइट म्हणायचं. एखादा मजकूर साधा आहे असं समजून प्रिंटर वाचायला लागला की प्रत्येक आकड्याचं तो एक अक्षर करतो. 65 म्हणजे ए, 66 म्हणजे बी. पण 32 च्या खालचे आकडे अक्षरांसाठी नसतात, ते हुकूम असतात. 10 म्हणजे एक ओळ खाली उतर. 13 म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जा. 12 म्हणजे हे पान बाहेर टाक. गोम आहे ती या बाराव्या हुकमात. चित्राची किंवा दाबून बसवलेली फाइल घेतली तर तिच्यात सगळे आकडे थोड्याफार सारख्या प्रमाणात विखुरलेले असतात, म्हणजे दर 256 आकड्यांमागे सरासरी एकदा 12 येणार. एक एमबीची लहानशी फाइल घ्या. तिच्यात दहा लाखांवर आकडे. 256 ने भागलं की चार हजारांवर पानं बाहेर टाकायचे हुकूम निघतात. 500 कागदांच्या आठ रिमा. पतसंस्थेतला दीड रिमचा गोंधळ या हिशेबाने स्वस्तात सुटला म्हणायचा.

बदाम, चौकट, किलवर, इस्पिक हे आयबीएमच्या 1981 च्या पीसीबरोबर आलेल्या चिन्हतक्त्यातले 3, 4, 5 आणि 6. हसरे चेहरे 1 आणि 2. काही प्रिंटर हे आकडे सोडून देतात, काही छापतात. डॉट मॅट्रिक्सची गंमत आणखी वेगळी. तिथे 7 म्हणजे घंटी, 14 म्हणजे ही ओळ दुप्पट रुंद, 15 म्हणजे अक्षरं बारीक. त्यामुळे असा प्रिंटर बिथरला की मध्येच टूं टूं करतो, मध्येच ढब्बू अक्षरं काढतो, लगेच मुंगीएवढी. बघणाऱ्याला वाटतं भूत आहे. जपानी लोकांनी अशा बिघडलेल्या मजकुराला नावच ठेवलंय 'मोजिबाके', अक्षरांनी रूप पालटणं. त्यातला 'बाके' भुताखेतांच्या शब्दांत येतो तोच, म्हणजे शिपाईमामा एकटे नव्हेत.

आणि 10 आहे पण 13 नाही, असा मजकूर आला तर? ओळ खाली उतरते, पण सुरुवातीला परत जात नाही. मजकूर जिन्यासारखा उतरत उतरत उजव्या कडेला जातो आणि नाहीसा होतो. युनिक्स किंवा लिनक्सवरची फाइल साध्या प्रिंटरला थेट दिली की हा जिना दिसतो. बिघाड काही नसतो, फक्त एका जगात ओळ संपवायला एक हुकूम लागतो आणि दुसऱ्यात दोन.

तेव्हा पहिला कागद फेकू नये. त्याची पहिली ओळ वाचावी, इंग्रजी येत नसलं तरी चालेल, अक्षरं जुळवता आली म्हणजे झालं. टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि त्याला चिकटून पीएस-अडोबी असं दिसलं तर पोस्टस्क्रिप्ट न कळणाऱ्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट पाठवली गेली आहे. हे कागद भरगच्च असतात, कारण ती भाषा वाचता येणाऱ्या अक्षरांतच लिहिलेली असते. टक्क्यापुढे पीडीएफ आणि 1.4 सारखा आकडा असेल तर कोणीतरी पीडीएफ फाइल ड्रायव्हरच्या हातातून न जाता कच्चीच ढकलली. टक्का, आडवी रेघ, 12345 आणि एक्स, मग @ आणि पीजेएल असं दिसलं तर ते कामाच्या पाकिटावरचे शिक्के आहेत. एचपीने प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर मारायला हा नऊ अक्षरांचा शिक्का ठरवला. त्यातलं पहिलं अक्षर, 27 क्रमांकाचं एस्केप, कागदावर दिसत नाही. शिक्का छापला गेला म्हणजे एकतर ते पहिलं अक्षर वाटेत गळलं, नाहीतर प्रिंटरला शिक्का ओळखूच आला नाही.

अगदी सुरुवातीला पी आणि के ही दोन अक्षरं असतील तर ती झिपसारखी फाइल आहे. आजकालची वर्डची फाइलही आतून झिपच असते. पी-के म्हणजे झिप काढणारे फिल कॅट्झ. एम आणि झेड असेल आणि जवळच 'हा प्रोग्रॅम डॉसमध्ये चालणार नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं तर तुमचा प्रिंटर एक अख्खा प्रोग्रॅम छापतो आहे. एम-झेड म्हणजे मायक्रोसॉफ्टचे मार्क झ्बिकोव्स्की. स्वतःच्या आद्याक्षरांनी जगातल्या इतक्या रद्दीची सुरुवात होईल असं या दोघांना वाटलं नसणार.

एम-झेड दिसलं तर हसण्यावारी नेऊ नका. जून 2012 मध्ये जगभर ऑफिसांतले प्रिंटर आपोआप सुरू होऊन कागद संपेपर्यंत कचरा छापत सुटले. सिमँटेक कंपनीने शोध घेतला तेव्हा मिलिसेन्सो नावाचा एक ट्रोजन निघाला. सर्वाधिक झळ बसलेल्या देशांत अमेरिकेबरोबर भारत होता. त्याचं असं झालं होतं की विंडोज प्रत्येक कमांड आधी एका फोल्डरात ठेवतं आणि तिथून एकेक प्रिंटरकडे सोडतं. हा ट्रोजन जाहिराती दाखवणारा एक प्रोग्रॅम संगणकात घुसवत होता आणि त्याची फाइल नेमकी याच फोल्डरात टाकत होता. विंडोजला वाटलं ही कोणाची तरी कमांड. कागद उधळणं हा चोराचा हेतू नव्हता. चोरी करताना त्याचा पाय भांड्यांवर पडला आणि घर जागं झालं, इतकंच.

कधीकधी भांडी घरच्याच माणसाकडून पडतात. जानेवारी 2025 च्या शेवटी विंडोज 11 च्या काही आवृत्त्यांना एक ऐच्छिक अपडेट आलं आणि यूएसबीने जोडलेले काही प्रिंटर चालू करताच भलतासलता मजकूर छापायला लागले. पहिली ओळ ठरलेली: पोस्ट, तिरकी रेघ, आयपीपी, तिरकी रेघ, प्रिंट. हे प्रिंटर दोन पद्धतींनी बोलू शकणारे होते, जुन्या यूएसबी पद्धतीने आणि इंटरनेटवरच्या छपाईच्या पद्धतीने. संगणकाने दुसऱ्या पद्धतीचा निरोप पहिल्या पद्धतीच्या दारातून आत टाकला, प्रिंटरने तो मजकूर समजून छापला. मायक्रोसॉफ्टने मार्चअखेरच्या अपडेटमध्ये ते दुरुस्त केलं. मधल्या दोन महिन्यांत किती ठिकाणी टोनर, कार्ट्रिज, अगदी प्रिंटरही बदलले गेले असतील कोण जाणे.

तिसरी तऱ्हा नेटवर्कवरच्या प्रिंटरची. असे बरेच प्रिंटर 9100 क्रमांकाच्या दारावर कान लावून बसतात, आणि या दाराला ना कडी ना पहारेकरी. जो जे पाठवेल ते छापायचं. ऑफिसच्या आयटीवाल्यांनी नेटवर्कवर काय काय जोडलंय याची मोजदाद करणारा प्रोग्रॅम सोडला की तो प्रत्येक दारावर टकटक करतो, आणि प्रिंटर ती टकटकसुद्धा कागदावर उतरवतो. 'गेट' आणि तिरकी रेघ अशी एकच ओळ आणि बाकी कोरं पान, असे कागद सकाळी ऑफिस उघडल्यावर ट्रेमध्ये सापडले तर रात्री कोणीतरी टकटक केलेली आहे. या कामासाठी जगभर वापरला जाणारा एनमॅप हा प्रोग्रॅम सेवा ओळखण्याच्या तपासणीत 9100 चं दार मुद्दाम सोडून देतो, तो याच कारणाने. टकटक करणारा आपलाच माणूस असेल तर ठीक. पण प्रिंटर इंटरनेटवरून सरळ दिसत असेल तर बाहेरचा कोणीही काहीही छापू शकतो. 2018 मध्ये एका हॅकरने एका यूट्यूबरचा प्रचार करणारं पत्रक हजारो परक्या प्रिंटरांवर असंच छापून घेतलं होतं.

आता एक जुनी, पण माझ्या आवडीची खोड सांगतो. यूएसबी येण्याआधी प्रिंटरची वायर हाताच्या अंगठ्याएवढी जाड असे आणि तिच्यात आठ तारा शेजारी शेजारी धावत. प्रत्येक अक्षराचे आठ भाग एकाच वेळी आठ तारांतून जायचे. समजा त्यातली सगळ्यात खालच्या भागाची तार तुटली आणि तिथे प्रिंटरला कायम 'आहे' असंच दिसू लागलं. मग प्रत्येक सम आकड्याचा पुढचा विषम आकडा होतो, विषम तसाच राहतो. बँक हा शब्द रोमन लिपीत घ्या: बी, ए, एन, के. बी 66 वा, तो होतो 67, म्हणजे सी. ए 65, तसाच. एन 78, होतो 79, म्हणजे ओ. के 75, तसाच. छापून येतं सी-ए-ओ-के. गिचमिड खरी, पण शिस्तीची. प्रत्येक वेळी तीच चूक, त्याच अक्षराला. आकड्यांनाही हाच नियम, त्यामुळे 2400 शिल्लक असलेल्या खातेदाराच्या हाती 3511 लिहिलेला कागद पडतो. खातेदार तक्रार करणार नाही हे उघड आहे. अशी शिस्तीची चूक दिसली की ड्रायव्हर, व्हायरस सगळं बाजूला ठेवून वायर बदलायची. आजही जिथे डॉट मॅट्रिक्स पासबुकं आणि कार्बनच्या पावत्या छापतो तिथे ही जाड वायर अधूनमधून भेटते.

भाषा ओळखण्याचं काम यंत्रावर सोडलं की काय होतं याचा एक नमुना 2008-09 मध्ये उबुंटू लिनक्सच्या लोकांना मिळाला. एका गृहस्थाची बायको सांगत होती की ओपन ऑफिसमधून मंगळवारी छपाई होत नाही. लोकांनी शोध घेतला आणि बाई बरोबर निघाल्या. फाइल कुठल्या जातीची आहे हे तिच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून ठरवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिनक्समध्ये असतो. त्याच्या नियमावलीतल्या एका चुकीमुळे ठरावीक जागी मंगळवारच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरं दिसली की तो फाइलला एर्लांग नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेची फाइल समजायचा. छपाईच्या फाइलीत त्या दिवसाची तारीख लिहिलेली. मंगळवारी तीच तीन अक्षरं समोर यायची, आणि काम बाद.

मराठी छपाईचं दुखणं आणखी निराळं. तिथे प्रिंटर, वायर, ड्रायव्हर सगळं निर्दोष असूनही गिचमिड निघते. युनिकोड रुळण्याआधी आपण मराठी टाइप करत होतो ती खरं तर इंग्रजी अक्षरंच होती, वर देवनागरीचा मुखवटा. कृतिदेव फॉन्टमध्ये 'भारत' लिहिलं की फाइलमध्ये एच, के, के, जे, आर एवढंच साठवलेलं असतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी घेतली तर तिचा तक्ता निराळा. मुखवटा हरवला, म्हणजे ज्या संगणकावरून छापायचं तिथे तो फॉन्टच नसला, की खालचा मूळ चेहरा उघडा पडतो. जुनी लग्नपत्रिका, सोसायटीची पोटनियमांची फाइल, कोर्टातला जुना मसुदा पेनड्राइव्हवर दुसऱ्या दुकानात नेला आणि कागदावर भलतंच उमटलं, हे ज्याने पाहिलं नाही असा डीटीपीवाला मला भेटायचाय. पडद्यावर मराठी दिसतं आणि कागदावर मात्र इंग्रजी कचरा येतो, हा त्यातला फसवा प्रकार. तिथे ड्रायव्हरने 'हा फॉन्ट माझ्याकडे आहे' असं परस्पर ठरवून स्वतःचा टाइप वापरलेला असतो. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ट्रूटाइप अक्षरं चित्र म्हणून पाठवायची सोय असते, ती चालू करायची. पीडीएफ असेल तर अडोबी रीडरच्या छपाईच्या खिडकीत ॲडव्हान्स्डमध्ये 'प्रिंट ॲज इमेज' असतं, त्यावर खूण करायची. छपाई थोडी हळू होते, पण अक्षर हलत नाही.

युनिकोडमध्ये 'क' ला स्वतःचा हक्काचा क्रमांक आहे, 2325, त्यामुळे त्याचं इंग्रजी अक्षर व्हायची भीती नाही असं वाटतं. पण 2325 एका बाइटमध्ये मावत नाही. प्रचलित यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराचे तीन बाइट होतात आणि त्यातला पहिला नेहमी 224. प्रिंटर किंवा बिलिंगचा प्रोग्रॅम जुना असेल तर तो एका मराठी अक्षराची तीन परकी अक्षरं छापतो. डोक्यावर तिरपा फराटा असलेला रोमन ए दर तिसऱ्या जागी दिसला, डॉट मॅट्रिक्सवर त्याच जागी ग्रीक अल्फा दिसला, तर समजा की मूळ मजकूर शुद्ध मराठी आहे आणि चुकीच्या तक्त्याने वाचला गेलाय. किराण्याच्या पावतीवर जपानी येनचं चिन्ह पुन्हा पुन्हा येतं तेही याच वाटेने. आणि अक्षरं मराठीच आहेत, पण पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे लोंबतेय, महाराष्ट्रातला 'ष्ट्र' पाय मोडून सुटा पडलाय, असं असेल तर फॉन्ट सापडलाय, अक्षरं जुळवून बसवणारा भाग मात्र वाटेत कुठेतरी वगळला गेलाय.

प्रत्यक्ष प्रसंग आला तर करायचं काय? आधी ट्रे बाहेर ओढा. कागद थांबला की डोकं चालतं. मग प्रिंटर नव्हे, संगणकावरची रांग रिकामी करा. लोक उलट करतात, पतसंस्थेतही तेच झालं. काम अर्ध्यात असताना प्रिंटर बंद-चालू केला की संगणक उरलेलं काम मधूनच पुढे ढकलतो. कोणत्या भाषेत बोलायचं हे सांगणारी सुरुवात निघून गेलेली असते, म्हणून भाषा येत असलेला प्रिंटरही बरळतो. रांग साधेपणाने रिकामी होत नसेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टम32, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स हे फोल्डर उघडा, आतल्या फाइली पुसा, फोल्डर राहू द्या, आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. त्यानंतर प्रिंटर बंद करा, विजेची वायर काढा, मिनिटभर थांबून लावा.

आता प्रिंटरला त्याच्या स्वतःच्या बटणावरून चाचणीचं पान काढायला सांगा, संगणकाकडे जाणारी वायर काढलेली असतानाच. ते स्वच्छ आलं तर प्रिंटर निर्दोष सुटला, मेकॅनिकला टोनरची किंमत विचारू नका. तेच वेडंवाकडं आलं तर मात्र त्याच्या पोटात दुखतंय. वायर लावून नोटपॅडमधून दोन ओळी छापा. त्या आल्या आणि तुमची फाइल नाही आली, तर दोष फाइलीचा किंवा फॉन्टचा. नोटपॅडही बरळलं तर यूएसबी हबमधून न जाता वायर सरळ संगणकाला लावून बघा. पाच मीटरपेक्षा लांब यूएसबी वायर असेल तर ती आधी बदला. मग ड्रायव्हर. आहे त्यावरच नवा चढवू नका, जुना काढून टाका आणि प्रिंटरच्या नेमक्या मॉडेलचा घाला. एकाच मॉडेलचे पीसीएल 5, पीसीएल 6 आणि पोस्टस्क्रिप्ट असे तीन ड्रायव्हर मिळतात तिथे दुसरा घालून बघायला काही पैसे पडत नाहीत. काही प्रिंटरांच्या मेनूत भाषा 'ऑटो' वर असते आणि त्याचा अंदाज चुकतो. तिथे भाषा ठरवून द्या.

काळे डाग, आडव्या रेघा, मागच्या पानाची पुसट सावली ही या प्रकरणातली दुखणी नव्हेत. एकच डाग पानावर ठरावीक अंतराने पुन्हा उमटत असेल तर पट्टीने अंतर मोजा. 24 मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा घेर साधारण 75 मिलिमीटर भरतो. डागांमधलं अंतर तेवढंच असेल तर चरा ड्रमवर आहे.

गिचमिड छापणाऱ्या यंत्राची मला तशी भीती वाटत नाही, कारण त्याची चूक आंधळ्यालाही दिसते. 2013 मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एका घराचा नकाशा झेरॉक्सच्या वर्कसेंटर यंत्रावर स्कॅन केला. तीन खोल्यांची क्षेत्रफळं 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटर होती. प्रतीत तिन्हींवर 14.13 आलं, स्वच्छ, सुवाच्य. जागा वाचवण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांचा एकच ठसा सगळीकडे वापरत होतं. कंपनीला पुढे त्यासाठी दुरुस्ती काढावी लागली. आकडे जुळवून न बघणाऱ्या कोणाला ते कळलं असतं?

प्रिंटर पुढच्या वेळी बरळला तर दुरुस्तीवाल्याला 'प्रिंटर बिघडलाय' असं सांगू नका. पहिला कागद हातात धरून फोन लावा आणि त्याला पहिली ओळ अक्षरनअक्षर वाचून दाखवा, कंस आणि टक्क्याच्या चिन्हासकट. तो येईपर्यंत ट्रे मात्र बाहेरच असू द्या.